हॅरिसबर्गच्या न्यायासनापुढे सृष्टिरचना

जगात जे जे सुघटित दिसते त्यामागे ते घडविणारा कोणी तरी असलाच पाहिजे, हे अनुमान मनुष्याच्या मनात इतक्या सहजतेने उद्भवते की, ते अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे, याचे भान पुष्कळदा राहत नाही. दहाव्या शतकात मिथिलेत होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वरसिद्धीसाठी जी प्रमाणे मांडली त्यांत हे अनुमान अग्रभागी आहे: पृथ्वी आदी पदार्थ हे कार्य होत, आणि घटाला जसा कुंभार तसा प्रत्येक कार्याला कर्ता हा असावयाचाच. इंग्लंडात विल्यम पेली या धर्मपंडिताने १८०२ साली माळावर सापडलेल्या घड्याळाचा दृष्टांत घेऊन हाच सिद्धांत पुन्हा उभारला. परंतु या अनुमानाचे खंडनही त्याच्याइतकेच प्राचीन आहे, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. उदयनाचार्यांच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात, धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने नैयायिकांना विचारले होते की, मातीचा आकार पाहून कुंभाराचे अनुमान करावयाचे तर वारूळही मातीचेच आहे. मग तेही कुंभाराने केले असे म्हणावे काय? आणि वेदप्रामाण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले ते कुमारिलभट्ट तर जगाचा कर्ता म्हणून ईश्वर मानावयास मुळीच तयार नव्हते. श्रद्धावान एका पक्षात आणि संशयवादी दुसऱ्या पक्षात, अशी या वादाची सरळ विभागणी आपल्याकडे कधीच नव्हती; आणि ज्या अमेरिकन खटल्याची हकीकत या प्रकरणात सांगावयाची आहे त्यातही ती नव्हती.

धर्मकीर्तीने किंवा अठराव्या शतकातील डेव्हिड ह्यूमने अनुमानातील दोष दाखविला, परंतु डोळ्यासारखा अवयव कर्त्यावाचून कसा घडला असेल याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. ते उत्तर चार्ल्स डार्विनने १८५९ साली दिले, आणि ते देणारा हा मनुष्य केंब्रिजमध्ये असताना पेलीचे ग्रंथ मोठ्या आवडीने वाचीत असे. एकाच जातीच्या जीवांत लहानलहान भेद असतात, त्यांतील पुष्कळसे भेद संततीत उतरतात, आणि ज्यांचे भेद परिस्थितीला अनुकूल ठरतात त्यांची संतती अधिक टिकते. एवढ्या तीन साध्या गोष्टी कोट्यवधी वर्षे चालत राहिल्या म्हणजे रचनाकाराने योजल्यासारखी दिसणारी रचना उत्पन्न होते, हा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत होय. डार्विनचा अमेरिकेतील पहिला मोठा पुरस्कर्ता, हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, हा निष्ठावंत ख्रिस्ती होता, आणि सृष्टीत योजना आहे की नाही याविषयी या दोघांचा पत्रव्यवहार परस्परांविषयीच्या पूर्ण आदराने चाललेला होता.

आता हकीकत सांगतो. पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या यॉर्क परगण्यात डोव्हर नावाचे एक लहान गाव आहे. तेथील शाळामंडळाने १८ ऑक्टोबर २००४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी असा ठराव मंजूर केला की, डार्विनच्या सिद्धांतातील उणिवांची, तसेच 'बुद्धिपुरस्सर रचना' आदी अन्य उपपत्तींची जाणीव विद्यार्थ्यांना करून देण्यात यावी. 'बुद्धिपुरस्सर रचना' म्हणजे जीवसृष्टीतील काही घटना इतक्या जटिल आहेत की त्या नैसर्गिक प्रक्रियेने घडणे अशक्य होय, सबब त्या कोणा बुद्धिमान कर्त्याने योजिल्या असाव्यात, हे मत. तो कर्ता कोण, याविषयी हे मत हेतुतः मौन पाळते. ठरावामागून एक चार परिच्छेदांचे निवेदन तयार करण्यात आले. नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीचा पाठ सुरू होण्यापूर्वी ते मुलांना वाचून दाखवावयाचे होते, आणि त्यात सांगितले होते की, डार्विनचा सिद्धांत ही वस्तुस्थिती नव्हे, त्यात रिकाम्या जागा आहेत, आणि ज्यांना दुसरे मत जाणून घ्यावयाचे असेल त्यांच्यासाठी 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक शाळेत उपलब्ध आहे.

विज्ञानाच्या शिक्षकांनी हे निवेदन वाचण्यास लेखी नकार दिला. शिक्षकाने आपला विषय जाणूनबुजून विपर्यस्त करून सांगू नये, असा त्या राज्यातील शिक्षकांच्या आचारसंहितेचा दंडक आहे. त्याकडे बोट दाखवून त्यांनी कळविले की, जे विज्ञान नाही ते विज्ञान म्हणून मुलांपुढे ठेवणे हा तो दंडक मोडणे होय. नोकरीवर असलेल्या माणसांनी आपल्याच वरिष्ठांना असे लिहून देणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो या शिक्षकांविषयी. अखेर १८ जानेवारी २००५ रोजी शाळेच्या प्रशासकांनी स्वतः वर्गात जाऊन ते निवेदन वाचले. तत्पूर्वीच, १४ डिसेंबर २००४ रोजी, अकरा पालकांनी केंद्रीय न्यायालयात दावा दाखल केलेला होता. हे पालक धर्मद्वेष्टे नव्हते; त्यांच्यापैकी काही नियमाने चर्चला जाणारे होते. त्यांची तक्रार इतकीच होती की, सरकारी शाळेने आमच्या मुलांना विज्ञानाच्या तासाला एका पंथाचे धर्ममत शिकवू नये.

खटल्याची सुनावणी हॅरिसबर्ग येथे २६ सप्टेंबर २००५ रोजी सुरू होऊन ४ नोव्हेंबरला संपली. न्यायासनावर जॉन जोन्स हे होते: धर्माने ल्यूथरपंथी, राजकारणाने रिपब्लिकन, आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) यांनी २००२ साली नेमलेले. ज्यूरी नव्हती. कायद्याचा प्रश्न थोडक्यात असा होता की, सरकारने कोणत्याही धर्माची प्रस्थापना करू नये असा अमेरिकन राज्यघटनेचा निर्बंध असून, त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली उत्क्रांती शिकविण्यावरील बंदी, आणि १९८७ साली 'सृष्टिनिर्मितिविज्ञान' उत्क्रांतीच्या बरोबरीने शिकविण्याची सक्ती, ही दोन्ही रद्द केली होती. तेव्हा बुद्धिपुरस्सर रचना ही त्या जुन्या निर्मितिवादाचेच नवे नाव आहे की स्वतंत्र शास्त्र आहे, यावर सारे अवलंबून होते.

या प्रश्नाचे उत्तर एका दस्तऐवजाने दिले. 'ऑफ पांडाज अँड पीपल'च्या प्रकाशकांकडून पुस्तकाचे जुने खर्डे न्यायालयाच्या आज्ञेने मागविण्यात आले होते. बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने ते ओळीने लावून वाचले आणि साक्षीत दाखवून दिले की, आरंभीच्या खर्ड्यांत जेथे जेथे 'निर्मिती' व 'निर्मितिवादी' असे लिहिले होते, तेथे तेथे, सुमारे दीडशे ठिकाणी, १९८७ च्या त्या निकालानंतर 'बुद्धिपुरस्सर रचना' व 'रचनेचे पुरस्कर्ते' असे शब्द घातले गेले. भोवतालची वाक्ये मात्र जशीच्या तशी राहिली. एका खर्ड्यात तर जुना 'क्रिएशनिस्ट्स' हा शब्द नीट न खोडला गेल्यामुळे त्याचे डोके पुढे आणि शेपूट मागे राहून मध्ये 'डिझाइन प्रोपोनंट्स' हे नवे शब्द अडकून पडले होते. शास्त्रीय मत बदलते ते नवा पुरावा हाती आल्यामुळे. येथे शब्द बदलले ते न्यायालयाचा निकाल हाती आल्यामुळे, आणि हा भेद कोणत्याही प्रामाणिक वाचकाने विसरू नये असा आहे.

तथापि वंशावळ सदोष म्हणून युक्तिवादही खोटा, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. म्हणून तो युक्तिवाद त्याच्या सर्वांत समर्थ रूपात पाहिला पाहिजे. लीहाय विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी तो १९९६ साली 'डार्विन्स ब्लॅक बॉक्स' या ग्रंथात मांडला, आणि या खटल्यात प्रतिवादींचे प्रमुख साक्षीदारही तेच होते. पृथ्वीचे वय अब्जावधी वर्षांचे आहे आणि जीवमात्रांचे पूर्वज एक आहेत, हे बीही मान्य करतात, ही गोष्ट त्यांच्या पुष्कळ समर्थकांना ठाऊक नसते. त्यांचे म्हणणे असे की, उंदराच्या सापळ्यातील एक तुकडा काढला तर सापळा निकामी होतो; तशाच काही जैविक यंत्रणा असून त्या अर्ध्यामुर्ध्या अवस्थेत निरुपयोगी असल्यामुळे क्रमाक्रमाने घडूच शकत नाहीत. जीवाणूची कशाभिका हे त्यांचे आवडते उदाहरण. ही सुमारे चाळीस प्रकारच्या प्रथिनांची बनलेली, मुळाशी चक्राप्रमाणे फिरणारी आणि जीवाणूला पोहण्यास साहाय्य करणारी शेपटी होय, आणि सूक्ष्मदर्शकातून काढलेले तिचे चित्र पाहून थक्क होणार नाही असा मनुष्य विरळा.

ब्राऊन विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी वादींच्या बाजूने साक्ष देताना याला जे उत्तर दिले ते समजून घेण्यासारखे आहे. अर्धी यंत्रणा ते विशिष्ट काम करण्यास निरुपयोगी असेल. परंतु ती कोणत्याच कामाची नाही, हे कशावरून? कशाभिकेच्या मुळाशी असलेल्या प्रथिनांपैकी सुमारे दहा प्रथिनांसारखीच प्रथिने काही रोगकारक जीवाणूंत एका निराळ्याच यंत्रात आढळतात. ते यंत्र पोहत नाही. ते सुईप्रमाणे दुसऱ्या पेशीत विष टोचते. ज्या जीवाणूने १८९६ साली मुंबईत आणि त्यापुढील वर्षी पुण्यात हाहाकार उडविला त्या प्लेगच्या जीवाणूपाशी हेच टोचणारे यंत्र आहे. म्हणजे ज्या भागाला बीही कवडीमोल ठरवितात तो भाग आपल्याच शहरांच्या इतिहासात किती भयंकर रीतीने उपयोगी पडला हे आपण जाणतो. एका कामासाठी टिकून राहिलेला भाग पुढे दुसऱ्या कामी लागणे, ही उत्क्रांतीची नित्याची रीत आहे. आणि ती विचारात घेतली म्हणजे 'एक तुकडा काढला की सारे निकामी' हा आक्षेप आपले बळ गमावतो.

बीहींच्या उलटतपासणीतील एक प्रसंग विशेष बोधक आहे. आपल्या रोगप्रतिकारसंस्थेची उत्पत्ती कशी झाली याचे उत्तर विज्ञानापाशी नाही, असे त्यांनी आपल्या ग्रंथात लिहिले होते. वादींचे वकील एरिक रॉथ्सचाइल्ड यांनी त्याच विषयावरील ५८ शोधनिबंध आणि ९ ग्रंथ एकावर एक त्यांच्यासमोर रचले. त्या शोधनिबंधांत काय होते? आपल्या शरीरातील प्रतिपिंडांची विविधता जनुकांचे तुकडे कापून व नव्याने जोडून उत्पन्न होते, आणि हे काम करणारी जनुके मुळात जनुकसंचात इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या घटकांपासून आली असावीत, असा तर्क १९७९ साली पुढे आला होता. १९९८ साली ती जनुके अशी उडी खरोखरच घडवून आणू शकतात हे प्रयोगशाळेत दिसले. आणि २००५ साली त्याच कुळातील उडणारे घटक पृष्ठवंश नसलेल्या प्राण्यांतही सापडले. एका तर्कामागे सव्वीस वर्षे चाललेला हा शोध होता. बीहींनी त्यांतील बरेचसे लेखन वाचलेले नव्हते. तरीही हा पुरावा पुरेसा नाही, असे त्यांनी शपथेवर सांगितले. 'सिद्धांत' या संज्ञेची आपण केलेली व्याख्या लावली तर फलज्योतिषही तीत बसेल, हेही त्यांना त्याच उलटतपासणीत मान्य करावे लागले.

याच्या उलट, शास्त्रीय सिद्धांत आपली मान पुढे करून परीक्षा कशी देतो हे मिलर यांनी गुणसूत्रांच्या उदाहरणाने दाखविले. चिंपांझी, गोरिला व ओरांगउटान यांच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, मनुष्याच्या पेशीत ४६. आपला व त्यांचा पूर्वज एकच असेल तर एक जोडी नाहीशी होऊन भागत नाही, कारण इतकी जनुके गमावलेला जीव जगणार नाही. तेव्हा दोन गुणसूत्रे कोठे तरी एकमेकांस जुळली असली पाहिजेत आणि त्या सांध्याची खूण आज दिसली पाहिजे. ती न दिसती तर समान पूर्वजाचा सिद्धांत मोठ्या संकटात सापडला असता. मनुष्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राचा तपशीलवार अभ्यास २००५ सालीच, खटल्याच्या काही महिने आधी, प्रसिद्ध झाला. गुणसूत्राच्या केवळ टोकांशी आढळावयाची टेलोमिअर ही रचना त्याच्या मध्यभागी, परस्परांस उलट तोंड करून, चिकटलेली आढळली. आणि एका गुणसूत्रबिंदूखेरीज दुसऱ्या, निकामी झालेल्या बिंदूचे अवशेषही आढळले. कर्त्याने तसे योजिले असेल, असे कोणी म्हणेल. परंतु ते म्हणणे खूण सापडली असती तरी करता येते आणि न सापडली असती तरीही करता येते. ज्या मताला काहीही सापडले तरी धक्का बसत नाही, ते मत खरे असो वा खोटे, त्याची परीक्षा प्रयोगशाळेत होऊ शकत नाही, आणि म्हणून त्याची जागा विज्ञानाच्या तासाला नाही.

रिकाम्या जागांविषयीही असेच झाले. जमिनीवरील सस्तन प्राणी आणि देवमासे यांना जोडणारे जीवाश्म मिळत नाहीत, यावर 'पांडाज'चा मोठा भर होता. बर्कलीचे पुराजीवशास्त्रज्ञ केव्हिन पेडियन यांनी न्यायालयात त्या मालिकेतील जीवाश्म क्रमाने दाखविले, आणि त्यांतील कित्येक तर पाकिस्तान व भारताच्या भूमीतून निघालेले आहेत. कच्छमध्ये सापडलेल्या देवमाशांच्या पूर्वजांचे वर्णन अशोक साहनी व विजयप्रकाश मिश्र यांनी १९७५ सालीच केले होते. पुढे निकालानंतर दोन वर्षांनी, २००७ च्या डिसेंबरात, 'इंडोहायस' या मांजराएवढ्या खुरी प्राण्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. त्याची हाडे भूवैज्ञानिक रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथील खडकांतून अनेक वर्षांपूर्वी गोळा करून ठेवली होती. त्या प्राण्याच्या कानाच्या हाडाची एक कड जाड झालेली आहे, आणि ती जाडी देवमाशांच्या कुळाची ओळख समजली जात असे.

आता श्रद्धेचा प्रश्न. मिलर हे स्वतः कॅथलिक आहेत; बीहीही कॅथलिक आहेत; आणि वादींच्या बाजूने साक्ष देणारे जॉन हॉट हे जॉर्जटाऊन विद्यापीठात कॅथलिक धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. हॉट यांनी साक्षीत किटलीचा दृष्टांत घेतला: चुलीवरचे पाणी का उकळते, तर उष्णतेने त्याचे रेणू वेगाने हलतात म्हणून, आणि मला चहा हवा आहे म्हणूनही. दोन्ही उत्तरे खरी आहेत. परंतु रेणूंचा हिशेब करताना मध्येच माझी इच्छा घुसडून उपयोग नाही. मला हे म्हणणे मनापासून पटते. जो ईश्वर केवळ आपल्या अज्ञानाच्या जागी राहतो त्याला प्रत्येक नव्या शोधाने स्थलांतर करावे लागते, आणि भाविकाने आपल्या उपास्याची अशी विटंबना का करून घ्यावी हे मला कळत नाही. तितक्याच स्पष्टपणे हेही सांगितले पाहिजे की, उत्क्रांती सिद्ध झाली म्हणून ईश्वराचे नास्तित्व सिद्ध झाले, अशी घोषणा करणारे संशयवादी लेखक आपल्या पुराव्याच्या हद्दीबाहेर जातात. जोन्स यांनीही निकालपत्रात नमूद केले आहे की, उत्क्रांती आणि ईश्वरश्रद्धा परस्परविरोधी आहेत हे गृहीतच मुळात खोटे आहे.

१३९ पृष्ठांचे ते निकालपत्र २० डिसेंबर २००५ रोजी जाहीर झाले. बुद्धिपुरस्सर रचना हे विज्ञान नव्हे, ते निर्मितिवादाचेच रूपांतर आहे, आणि मंडळाचा ठराव घटनाबाह्य आहे, असा निर्णय देऊन न्यायाधीशांनी एका गोष्टीबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली: चारचौघांत आपल्या धर्मनिष्ठेचा उच्चार करणाऱ्या मंडळाच्या काही सभासदांनी आपला हेतू झाकण्यासाठी शपथेवर असत्य कथन केले होते. 'पांडाज'च्या प्रती घेण्यासाठी पैसे कोठून आले, हे विचारले असता तो वर्गणीचा पैसा चर्चमध्ये जमविला गेला होता ही गोष्ट दडविण्यात आली होती. सत्यासाठी म्हणून आरंभिलेल्या कार्यात असत्याचा आश्रय घ्यावा लागावा, याहून त्या कार्याची अधिक हानी कोणता नास्तिक करू शकला असता? निकालानंतर जोन्स यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्यांच्या कुटुंबाला संरक्षण द्यावे लागले. मंडळाच्या ज्या आठ सभासदांनी पुन्हा निवडणूक लढविली त्या आठही जणांना डोव्हरच्या मतदारांनी निकाल लागण्यापूर्वीच, ८ नोव्हेंबर रोजी, घरी बसविले होते. नव्या मंडळाने अपील केले नाही, ठराव मागे घेतला, आणि वादींच्या खर्चापोटी दहा लाखांहून अधिक डॉलर देण्याचे मान्य केले.

हा केवळ परदेशचा वृत्तांत म्हणून वाचून बाजूला ठेवण्यासारखा नाही. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे केंद्रीय शिक्षण खात्याच्या राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून काढला पाहिजे असे विधान केले, आणि देशातील तीनही प्रमुख विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून त्याचा निषेध केला. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, दहावीच्या विज्ञान-पुस्तकातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. अभ्यासाचा भार हलका करणे हे त्याचे कारण सांगण्यात आले. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व नागरिकांनी २०२३ साली त्याविरुद्ध जाहीर पत्र काढले. कारण काहीही असो, परिणाम हा की, पुढे जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलामुलींना हा विषय शाळेत भेटेनासा झाला.

महाराष्ट्रात बालभारतीने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचे पहिलेच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे आहे. परीक्षेत त्यावर दोन-चार गुणांचा प्रश्न येतो म्हणून ते घाईने उरकू नये, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. सेतुप्राण्यांची नावे पाठ करून घेण्याबरोबर कालाकोटच्या त्या हाडाची आणि दुसऱ्या गुणसूत्रातील त्या सांध्याची हकीकत मुलांना सांगावी. आणि एखाद्या मुलीने, मग देवाने काय केले, असे विचारले तर तिला गप्प बसवू नये. हा प्रश्न उदयनाचार्यांपासून चालत आलेला आहे, त्याचा विचार तिने घरी, देवळात, ग्रंथालयात आयुष्यभर करावा. आजच्या तासाला मात्र आपण पुरावा पाहू, असे तिला सांगावे.